आर्माडिलो, अंगठा आणि एक दुपार

लिओ कॉटकीच्या १९६९ सालच्या अल्बमचं नाव आहे ‘सिक्स अँड ट्वेल्व्ह स्ट्रिंग गिटार’. सहा तारांची आणि बारा तारांची गिटार, बस. हे अल्बमचं नाव आहे की वाद्यांच्या दुकानातलं लेबल, असा प्रश्न पडावा. ऐकणाऱ्यांनी ते फारसं वापरलंच नाही. कव्हरवर काळ्या-पांढऱ्या रेषांमध्ये एक आर्माडिलो काढलेला आहे. अंगावर चिलखत घातल्यासारखा दिसणारा हा अमेरिकेतला प्राणी आपल्याकडच्या खवले मांजराची लांबून आठवण करून देतो. त्याच्यावरून लोक या रेकॉर्डला ‘आर्माडिलो अल्बम’ म्हणायला लागले आणि आजही म्हणतात. बारशाचं नाव कागदावर राहतं आणि घरात हाक भलत्याच नावानं मारली जाते, तसं. टोपणनाव प्रेमाशिवाय पडत नाही. मला या प्रेमाबद्दलच लिहायचंय, कारण गेल्या वर्षभरात ते प्रेम मला जरा अडचणीचं वाटायला लागलंय.

आधी अल्बमबद्दल. चौदा धुना, सगळ्या मिळून चाळीस मिनिटांच्या आत. गाणारं कुणी नाही, ड्रम्स नाहीत, बेस नाही, साथीला दुसरी गिटारही नाही. चोवीस वर्षांचा एक मुलगा आणि त्याची गिटार. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनियापोलिस शहरात एका दुपारी हे सगळं रेकॉर्ड झालं. साडेतीन तास लागले, असं कॉटकीनं सांगितलंय. त्याआधी तो तिथल्या कॉफीहाउसमध्ये वाजवायचा. त्यानं आपली टेप जॉन फेही या गिटारवादकाला पाठवली. फेहीची ‘टाकोमा’ नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. लोकसंगीत आणि ब्लूजच्या जुन्या वाजवण्याच्या पद्धती घेऊन नुसत्या एका गिटारवर मैफल उभी करायची, हा फेहीचा ध्यास होता. त्यानं हा अल्बम काढला.

आपण गात का नाही, याचा खुलासा कॉटकीनं कव्हरच्या मागच्या मजकुरातच करून टाकला होता. दमट हवेच्या दिवशी हंसबदकांनी पादावं, तसा आपला आवाज आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं होतं. पुढच्या अल्बम्समध्ये तो भरपूर गायला आणि आवाज काही इतका वाईट नाही. पण या रेकॉर्डवर फक्त हात आहेत.

मोठ्या जाहिराती नव्हत्या, सिंगल हिट वगैरे काही नव्हतं. तरी एकानं दुसऱ्याला ऐकवत, दुसऱ्यानं तिसऱ्याला देत या अल्बमचा खप पुढे पाच लाखांच्या घरात गेला, असं सांगितलं जातं. एकट्यानं वाजवलेल्या, शब्द नसलेल्या गिटारसाठी हा आकडा अचाट आहे.

*

पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: किती जण वाजवतायत?

मलाही हॉस्टेलमध्ये हाच प्रश्न पडला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेल्या ढिगाऱ्यात हा अल्बम होता. पहिलाच ट्रॅक ‘द ड्रायव्हिंग ऑफ द इयर नेल’. खाली कुणीतरी ठेका धरून धावतोय, वर कुणीतरी दुसराच त्याच्यावरून उड्या मारतोय आणि मध्ये तिसरा कुणी घुंगरं बांधून उभा असल्यासारखी सतत झणझण. तिघंही एकच माणूस.

याचं गणित समजून घ्यायला मजा येते. फिंगरस्टाइलमध्ये उजव्या हाताचा अंगठा खालच्या जाड तारा सांभाळतो. डग्ग्यासारखा. एक तार, दुसरी तार, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. त्यानं थांबायचं नाही. उरलेली दोन-तीन बोटं वरच्या बारीक तारांवर धून वाजवतात आणि ती मुद्दाम ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडते. अंगठा सरळ चालतो आणि बोटं लंगडी घालतात. डोक्यानं हे होत नाही, कारण डोकं एका वेळी एकच मोजतं. अंगठ्याला इतका सराव लागतो की तो आहे हे आपण विसरलो पाहिजे.

बारा तारांची गिटार असेल तर आणखी भर. तिच्यात तारांच्या सहा जोड्या असतात. वरच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच स्वराच्या, खालच्या चार जोड्यांमध्ये एक तार मूळ स्वराची आणि दुसरी बारीक तार एक सप्तक वर. म्हणून अंगठ्यानं एक खर्जाचा स्वर छेडला की त्याच्याबरोबर वरच्या सप्तकातला स्वरही वाजतो. झणझण येते ती तिथून. कॉटकी ही गिटार नेहमीपेक्षा खाली उतरवून लावायचा, त्यामुळे आवाजाला आणखी वजन यायचं. आणि त्या काळात तो बोटांना नख्या चढवून वाजवायचा. सतारवाल्यांची तारेची नखी आपल्याला माहीत असते, ती एका बोटात. इथे अंगठ्यालाही वेगळी आणि बोटांनाही. नखीनं आवाज धारदार होतो, लांब जातो. पण तारेचा मार बोटाच्या मऊ भागात जिरत नाही. तो सरळ मागे जातो, मनगटाकडे.

सगळाच अल्बम धावणारा नाही. ‘क्रो रिव्हर वॉल्ट्झ’ ही तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर चालणारी धून आहे. क्रो रिव्हर ही मिनेसोटातलीच नदी. बाखच्या एका कँटाटामधली प्रसिद्ध चाल, ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’, चर्चमधून उचलून अंगणात आणल्यासारखी वाजवलेली आहे. आणि शीर्षकं तर विचारू नका: ‘व्हॅसलीन मशीन गन’, ‘बस्टेड बायसिकल’ म्हणजे मोडकी सायकल, ‘द टेनेसी टोड’ म्हणजे टेनेसीचा बेडूक. शब्द नसलेल्या संगीताला नाव काय द्यायचं, हा गंभीर प्रश्न त्यानं असा सोडवला.

*

हा अल्बम आवडणाऱ्यांमध्ये एक मोठा गट आहे तो शिकणाऱ्यांचा. कारण ऐकून झाल्यावर हात शिवशिवतात. पूर्वी रेकॉर्डवरून शिकणारे एक युक्ती करायचे. लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एकतृतीयांश फेरे घेते. काही रेकॉर्ड प्लेअर्सना १६ आणि दोनतृतीयांश फेऱ्यांचंही बटण असायचं, म्हणजे बरोबर निम्मा वेग. सगळं एक सप्तक खाली आणि अर्ध्या गतीनं ऐकू यायचं. मग सुई उचलायची, दोन सेकंद मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. मी तेच मोबाइलवर करते. अॅपमध्ये वेग पन्नास टक्के केला की स्वर जागेवरच राहतो. सोय वाढली, पण काम तेच आहे: दोन सेकंदांसाठी अर्धा तास.

असं शिकताना अल्बमशी होणारी ओळख वेगळी असते. गाणं आवडणं म्हणजे समोरून पाहणं. शिकायला घेणं म्हणजे त्याच्या घरात शिरून भांडी कुठे ठेवलीयेत ते बघणं. निम्म्या वेगात नखी तारेवर घासल्याचा आवाज येतो, डावा हात सरकल्याचा आवाज येतो. तो माणूस त्या खोलीत खरंच होता, हे जाणवतं. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून बरी गिटार घेतली आणि गेली चार वर्षं ‘क्रो रिव्हर वॉल्ट्झ’च्या मागे आहे. अर्धा येतो. गिटार शिकणाऱ्यांना कळेल की हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये.

*

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. कुकरचं झाकण फिरवताना कळ, दाराची कडी काढताना कळ. आठवड्याभरात डॉक्टरकडे गेले. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं. माझ्या तोंडून जे निघालं त्यावरून त्यांना निदान कळलं. अंगठा हलवणारे दोन टेंडन मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथलं आवरण सुजलं की प्रत्येक हालचालीला घासतं. ‘डी क्वेर्व्हेन’ असं भारदस्त नाव आहे या दुखण्याला. तान्ही बाळं सतत उचलणाऱ्या आयांना होतं, आणि आता आमच्यासारख्यांनाही.

पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, फिजिओथेरपी सुरू झाली. फिजिओ मॅडम आईच्या वयाच्या. त्यांनी मला घरी जाऊन एक यादी करायला सांगितली: दिवसभरात उजवा अंगठा काय काय करतो? मी केली. स्पेसबार. ट्रॅकपॅड. मोबाइलवर टाइप करणं. मोबाइलवर नुसतं वरवर सरकवत राहणं, ज्याला काम म्हणता येत नाही आणि आराम तर अजिबात नाही. स्कूटरचं स्टार्टर. पोळीची कणीक. आणि रात्री पाऊण तास गिटारचा खर्ज. समजा मिनिटाला १२० मात्रांची लय आहे आणि अंगठा प्रत्येक मात्रेवर पडतोय. तीन मिनिटांची धून एकदा वाजवली की झाले ३६० ठोके. मी ती एकदाच वाजवते असं थोडंच आहे?

मॅडमनी यादी वाचली. म्हणाल्या, “गिटार सोड असं मी म्हणत नाही गं. पण अंगठ्याचा पगार एकच आहे. त्यात भाडंही भागवायचं, किराणाही आणि हौसही. कुठे किती खर्च करायचा ते तूच ठरव.”

भाडं आणि किराणा म्हणजे कीबोर्ड. तो तर सुटणार नव्हता.

*

पट्टा बांधलेल्या त्या महिन्यांत वाजवणं बंद होतं, म्हणून ऐकणं वाढलं. अल्बमबरोबर त्या माणसाबद्दलही वाचत गेले. काही गोष्टी आधी माहीत होत्या, पण तेव्हा त्यांना वजन नव्हतं.

लहानपणी फटाक्यामुळे त्याच्या डाव्या कानाला इजा झाली होती. पुढे नौदलाच्या राखीव दलात असताना गोळीबाराच्या सरावात उजवा कानही बिघडला. म्हणजे मिनियापोलिसमधल्या त्या दुपारी गिटार हातात घेतलेल्या मुलाचे दोन्ही कान आधीच जखमी होते. त्यानंतर आला हात. बारा तारांवर नख्या घालून, इतक्या जोरात, वर्षाला कित्येक मैफली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या उजव्या हाताचे टेंडन इतके दुखायला लागले की तसं वाजवणं शक्य राहिलं नाही. ज्या पद्धतीवर सगळे फिदा होते, त्या पद्धतीनंच हाताचा घात केला होता.

त्यानं वाजवणं सोडलं नाही. नख्या सोडल्या. मैफली कमी करून उजव्या हाताची ठेवणच बदलली, मनगटावर ताण येणार नाही अशी, शास्त्रीय गिटारवादकांच्या जवळ जाणारी. धातू-प्लास्टिकऐवजी बोटाचं मांस आणि थोडंसं खरं नख. पस्तिशी ओलांडल्यावर, नाव झाल्यावर, ज्या हातानं पोट भरतं तोच हात पहिल्यापासून शिकवायचा. १९८६च्या ‘अ शाउट टुवर्ड नून’ या अल्बममध्ये हा बदललेला हात ऐकू येतो. आवाज गोल झालाय, स्वरांच्या मध्ये हवा आलीये. धाव कमी आहे.

आणि इथे आर्माडिलोच्या चाहत्यांमध्ये भांडण सुरू होतं. मला पेनड्राइव्ह देणारा मित्र आता बंगळुरूला असतो. स्वतः काही वाजवत नाही, पण कान तिखट आहे. त्याच्या मते नख्या सुटल्यानंतरचा कॉटकी म्हणजे पाणी घातलेलं ताक. मी फोनवर त्याला टेंडनची सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, “मला वाईट वाटतं गं त्याच्याबद्दल. पण माझ्या कानाला वाईट वाटून काय उपयोग? मला तो आवाज आवडायचा आणि तो आवाज गेला.”

त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि खोडायचंही नाहीये. काहीतरी गेलंय हे खरंच आहे. ‘द ड्रायव्हिंग ऑफ द इयर नेल’मधली ती करकरीत धार उघड्या बोटांनी येणार नाही. संकटातून काहीतरी अधिक सुंदर उगवतं वगैरे आपल्याला ऐकायला आवडतं. पण कधी कधी दुखण्यातून फक्त नुकसान होतं आणि माणूस उरलेल्यात संसार करतो.

माझी अडचण वेगळी आहे. त्या दुपारी मला जे आवडतं, ते नेमकं काय आहे? तर कसलाही हिशोब न ठेवता हात उधळून देणं. चोवीस वर्षांचा मुलगा पुढच्या पंधरा वर्षांचा अंगठा साडेतीन तासांत खर्च करत असल्यासारखा वाजवतो आणि मला ते ऐकून आनंद होतो. पट्टा बांधलेल्या हातात मोबाइल धरून ऐकतानाही होतो. मग हे प्रेम त्याच्यावर आहे की त्याच्या उधळपट्टीवर? आणि त्यानं तसंच वाजवत राहावं अशी इच्छा धरणारा चाहता नक्की काय मागत असतो?

*

‘इयर नेल’ म्हणजे वर्षाचा खिळा. प्राचीन रोममध्ये ज्युपिटरच्या देवळाच्या भिंतीत दर वर्षी एक खिळा ठोकायची प्रथा होती. एट्रुस्कन लोकांकडेही ती होती. सरलेलं वर्ष भिंतीत नोंदलं जायचं. कॉटकीनं कव्हरवर या धुनेच्या नावाबद्दल एट्रुस्कन चित्राचा एक चावट विनोद केलाय, त्यामुळे त्याच्या मनात नेमकं काय होतं हे त्यालाच विचारावं लागेल. पण मला ते नाव अल्बमसाठी अगदी चपखल वाटतं. ठोकलेला खिळा कुणी दर वर्षी उपसून पुन्हा ठोकत नाही. तो तिथे आहे. पुढच्या वर्षाचा खिळा वेगळा.

आम्ही कोड लिहिणारे हे रोज करतो. एक आवृत्ती पक्की झाली की तिच्यावर खूण करून ठेवतो. पुढे त्याच प्रोग्रॅमचं काहीही होवो, ती आवृत्ती जशीच्या तशी उघडता येते. आणि ती सुरक्षित आहे, म्हणूनच पुढे मोडतोड करायची हिंमत होते.

रेकॉर्डचंही तसंच आहे, असं मला आता वाटतं. १९६९ची ती दुपार प्लास्टिकच्या तबकडीवर पक्की झालीये. ती पुन्हा वाजवायची जबाबदारी कॉटकीच्या हातावर नाही. मित्राला जो आवाज हवाय तो त्याला आज रात्रीही मिळेल, फोनमध्येच आहे. तो अल्बमकडे मागावा, माणसाकडे नको. माणसाला हात बदलू द्यावा. आणि हात बदलल्यामुळे तो पुढे किती वाजवत राहिला बघा. फिश या बँडचा बेसवादक माइक गॉर्डन त्याच्याहून जवळपास वीस वर्षांनी लहान. त्याच्याबरोबरचा ‘नून’ हा अल्बम २०२० साली आला, तेव्हा कॉटकी पंचाहत्तरीला टेकला होता. आर्माडिलोनंतर एक्कावन्न वर्षं. नख्यांचा हट्ट धरला असता, तर ही वर्षं त्या हाताला मिळाली नसती.

म्हणून अल्बमवरचं प्रेम मी कमी केलेलं नाही. फक्त त्यातली मागणी काढून टाकली. उधळपट्टी ऐकून आनंद होतो तो होऊ देते. तो खर्च झालेला आहे, माझ्या ऐकण्यानं वाढणार नाही.

माझ्या अंगठ्याचा हिशोबही बसलाय. सोशल मीडियाची अॅप्स फोनवरून काढली. हा यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड सौदा होता. तिथे वाचलेल्या पैशांतून रोज बारा मिनिटं गिटार, मॅडमच्या परवानगीनं. नखी न घालता, हळू लयीत, फक्त ‘क्रो रिव्हर’. बाराव्या मिनिटाला गजर होतो आणि मी गिटार ठेवते, मग चाल कुठेही अर्धवट असो. ‘बस्टेड बायसिकल’ शिकायची यादीतून काढून टाकलीये. ती आता फक्त कानासाठी.

तुम्ही हा अल्बम ऐकला नसेल, तर शफल बंद करा आणि पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करा. इअरफोन लावा. किती जण वाजवतायत हा प्रश्न पडू द्या. आणि सदतीसेक मिनिटं मोबाइल उपडा ठेवा. तुमच्या अंगठ्यालाही तेवढीच सुट्टी.